जिव्या आला की गुरं उठतात

तलासरीहून उधव्याकडे जाणारा रस्ता जिथं पहिल्या डोंगराला टेकतो, तिथून ओहोळाच्या कडेकडेनं आत चालत गेलं की खैरपाडा लागतो. वीस-बावीस घरं. कुडाच्या भिंती, दारासमोर पेंढ्याच्या उडव्या, आणि कित्येक घरांत माणसांच्या जागेपेक्षा गुरांची जागा मोठी. आता काही घरांवर पत्रे आले, दोन घरांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या, पण गोठे होते तसेच आहेत.

या पाड्यात जिव्या राहतो. वय विचारलं तर म्हणतो, "धरणाचं काम चाललं होतं, तेव्हा मी बैल हाकत होतो. आता तूच मोज." उंचीनं बेताचा, अंगानं सागाच्या फांदीसारखा सरळ, आणि बोलायला इतका सावकाश की समोरच्याची विडी संपते तरी त्याचं वाक्य संपत नाही.

त्याची एक गोष्ट आजूबाजूच्या सात पाड्यांत सांगत असत. जिव्या अंगणात आला की गुरं उठून उभी राहतात.

दुपारची वेळ असायची. उंबराखाली गुरं रवंथ करत पडलेली, डोळे अर्धे मिटलेले, कानांवरची माशीसुद्धा न हलवणारी. घरधनी आला-गेला, पोरं ओरडली, कुत्री भांडली, तरी त्यांना पत्ता नसायचा. मग कुंपणापाशी जिव्या खाकरायचा, आणि एकेक जनावर उठायचं. आधी मागचे पाय, मग पुढचे, मग अंग झाडून सगळी ताठ उभी. जिव्या जाईपर्यंत एकही खाली बसायचं नाही.

"आमदाराची गाडी आली तरी आमची म्हैस उठत नाय," लोक पाहुण्यांना सांगायचे, "पण जिव्याबाबा आला का उठते. जनावराला कळते, कोणाला मान द्यायचा."

जिव्या हे ऐकायचा आणि न ऐकल्यासारखं करायचा. पण त्या दिवशी तो घरी जाताना लांबच्या वाटेनं जायचा, म्हणजे आणखी दोन-तीन अंगणं वाटेत लागायची.

हा मान त्याला कशामुळे मिळाला, ते सगळ्यांना माहीत होतं. जिव्या गुरांना तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा. त्याचा बापही द्यायचा. बापानं एक झिजलेली विळी उधव्याच्या लोहाराकडून ठोकून घेतली होती. हातभर लांब दांडा आणि टोकाला अर्धी चंद्रकोर. तीच डागणी. बैल लंगडायला लागला की खांद्यावर डाग. गाईचं पोट फुगलं की बरगडीवर डाग. वासरू खायचं बंद झालं की कपाळावर, अगदी नखाएवढा. पाड्यात डॉक्टर येत नव्हता तेव्हा हेच औषध होतं, आणि डॉक्टर यायला लागला तरी त्याची वाट बघण्याइतका धीर कोणाला नसायचा. डाग दिलेली काही गुरं बरी व्हायची. ती डागामुळे बरी झाली की आपोआप, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

जिव्याच्या हाताबद्दल मात्र खरं ते सांगायला हवं. दुसरे डाग देणारे जनावराला आडवं पाडून, छातीवर पाय देऊन, हसत-खिदळत डाग द्यायचे. जिव्याला ते चालत नसे. बघायला जमलेल्या पोरांना तो आधी हाकलून द्यायचा. खैराच्या निखाऱ्यात डागणी पळसाच्या फुलाच्या रंगाची होईपर्यंत थांबायचा. कमी तापली तर जनावराला दोनदा सोसावं लागतं, म्हणायचा. मग डाव्या हातानं जनावराचा डोळा झाकायचा आणि एकदाच टेकवायचा. नंतर हळद आणि तेल लावून वाऱ्याला पाठ करून, जनावराला सावली धरून बसायचा. पैसा घेतला नाही कधी. दिली तर शेरभर नागली घ्यायचा. सात पाड्यांतल्या जवळजवळ प्रत्येक गुराच्या अंगावर त्याची चंद्रकोर होती. हरवलेलं जनावर सीमेपलीकडे गुजरातेत सापडलं तरी लोक कोर बघून सांगायचे, हे जिव्याच्या बाजूचं.

असं त्याचं आयुष्य चाललं होतं. बायको भिकी, मुलगा-सून गेल्यावर दोघांनी वाढवलेला नातू मिथुन, आणि गोठ्यात चार गुरं. त्यातला मोऱ्या नावाचा बैल सगळ्यांत जुना. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, एक शिंग खाली वळलेलं. मोऱ्याच्या खांद्यावर चार चंद्रकोरी होत्या.

मिथुन उंबरगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला लागला आणि वैशाखात त्याचं लग्न झालं. नवरी बोर्डीकडची. दक्षा. तिचे आई-बाप तिथल्या चिकूच्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या कामाला. वाडीची गुरं दक्षानंच लहानपणापासून सांभाळलेली. ती सासरी आली तेव्हा वाडीच्या शेठाणीनं तिला एक कालवड दिली. पिकल्या चिकूच्या रंगाची, पापण्यांचे केस पांढरे. नाव चिमी. टेम्पोतून उतरली तेव्हा दक्षा तिच्याशी गुजरातीत बोलत होती. "चाल, चाल... बेस हवे, बेस." म्हणजे, बस आता, बस. आणि पाड्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, की गाय पण शिकलेली आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिव्या गोठ्यात गेला. चारही गुरं उठली. चिमी बसून राहिली. तिनं एकदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि रवंथ चालू ठेवला.

जिव्या खाकरला. चिमीनं कान हलवला.

"हिला काय वळण नाय," जिव्या बाहेर येऊन म्हणाला.

भिकी चुलीपाशी भाकर थापत होती. "का? तुला रामराम नाय घातला?"

"सगळी उठली. ही बसून."

दक्षा पाण्याची कळशी उतरवत होती. नवी नवरी, अजून हळद न उतरलेली. तिच्या मनात काही नव्हतं. जे वाटलं ते बोलली.

"ती कशाला उठेल, आजा? तिला तुझं भ्या नाय."

"भ्या?" जिव्या म्हणाला. "गुरं मला मान देतात, बाय. सात पाड्यांत विचार."

दक्षानं कळशी ठेवली, चुंबळ काढली. मग हळूच म्हणाली, "आमच्या वाडीत बिबट्या आला का उठायची. दिसायचा नाय, पण गुरं उठली का आम्ही समजायचो."

भिकीचा हात भाकरीवर थांबला. जिव्यानं खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि निघून गेला. जाताना जवळच्याच वाटेनं गेला.

माणसाला अशा वेळी आधी राग येतो, आणि मग खोटं ठरवायची घाई होते. जिव्याला तीन दिवस राग आला. चौथ्या दिवशी तो शेजारच्या तुक्याकडे गेला. तुक्या त्याच्याच वयाचा, बरोबर गुरं राखलेला, आणि त्याच्याशी तोंड वर करून बोलणारा सात पाड्यांतला एकटा माणूस.

"तुक्या, तुझी बंडी काढ," जिव्या म्हणाला.

"का? विकायची हाय?"

"काढ सांगतो ना. आणि ही माझी घाल."

"तुझ्या बंडीला धुराचा वास येतो. माझी बायको घरात घ्यायची नाय."

"घाल."

तुक्यानं जिव्याची बंडी घातली. जिव्या म्हणाला, "आता जा माझ्या गोठ्यात. खाकरू नको, हाक मारू नको. नुसता जाऊन उभा राहा."

तुक्या गेला. जिव्या कुडाच्या फटीतून बघत होता. दुपारची वेळ, गुरं पसरलेली. तुक्या आयुष्यभर त्या गोठ्यात येत-जात होता. त्याला बघून कधी कोणी शेपूटसुद्धा हलवली नव्हती. तो आत दोन पावलं गेला. मोऱ्यानं नाक वर केलं. वास घेतला. आणि धडपडत उठला. त्याच्यामागून बाकीची तिन्ही. मोऱ्याच्या खांद्यावरची कातडी, जिथं कोरी होत्या तिथंच, पाण्यावर वारा यावा तशी थरथरत होती.

चिमी बसूनच होती.

तुक्या बाहेर आला. त्याला आधी हसू आलं. "जिव्या, सगळा मान तुझ्या बंडीला हाय रे. तू उगाच पाय झिजवले. बंडीच धाडायची ना पाड्यापाड्यात." मग त्यानं जिव्याचं तोंड बघितलं, आणि बंडी काढून घडी करून त्याच्या हातात दिली. घडी कशाला केली, हे त्यालाही कळलं नसेल.

त्या दिवसापासून जिव्या बंडी रोज ओहोळावर धुवायला लागला. भिकी म्हणाली, "लग्नाला एवढी धुतली नाय, आता कोणासाठी धुतोस?" तो बंडी वाळत घालत राहिला. पण वास बंडीत होता, तसा हातांतही होता, केसांतही होता. इतक्या वर्षांचा धूर एका पावसाळ्यात जात नाही.

आणखी एक गोष्ट झाली, ती त्यानं कोणाला सांगितली नाही. संध्याकाळी सगळे ओट्यावर असताना तो गोठ्याच्या दुसऱ्या दारानं आत जायचा आणि चिमीपाशी जाऊन बसायचा. बाकीची उठायची ती उठायची, त्यांच्याकडे तो बघायचा नाही. चिमी मात्र बसलेली. एकदा तिनं मान लांब करून त्याचा हात चाटला. शेतातून आलेला, घामाचा खारट हात. खरबरीत, ओली, ऊन जीभ मनगटापासून कोपरापर्यंत फिरली. जिव्या हलला नाही. सगळं आयुष्य गुरांत गेलं होतं त्याचं, आणि एका जनावरानं त्याला चाटलं होतं, ते हे पहिलं.

मग ते रोजचं झालं. तो हात पुढे करायचा, ती चाटायची. भिकीला माहीत होतं. कुडाला फटी दोन्ही बाजूंनी असतात. पण तीही बोलली नाही, आणि भिकीनं न बोलणं ही लहान गोष्ट नव्हे.

आवणी संपली. भात कमरेला लागलं. भाद्रपदात एक दिवस चिमी रानातून परत आली ती लंगडत. उजवा पुढचा पाय टेकवत नव्हती. दुसऱ्या दिवशी पायाला वरपर्यंत सूज चढली. तिसऱ्या दिवशी तिनं गवताला तोंड लावलं नाही.

मिथुननं सरकारी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर लसी टोचायला लांबच्या गावांत गेले होते. परवा येतो म्हणाले. पाड्यातली माणसं अंगणात जमली.

"परवापर्यंत पाय जाईल," एक म्हातारा म्हणाला.

"घरात औषध असून डॉक्टर कशाला?" दुसरा म्हणाला. "जिव्याबाबा, उठ. खांद्याला एक डाग दे, उद्या चालेल."

सगळे जिव्याकडे बघत होते. आणि जिव्यालाही ते खरं वाटत होतं, हे समजून घ्यायला हवं. त्याच्या बापानं हे केलं, त्यानं हे केलं, त्याच्या डोळ्यांदेखत जनावरं चालायला लागली होती. डाग दिला नाही आणि चिमीचा पाय गेला, तर ती नव्या नवरीची एकुलती गाय, तिच्या माहेरची. आणि डाग दिला तर? तर उद्या सकाळी तो गोठ्यात जाईल तेव्हा पाचवं जनावरही उठेल.

"दक्षा," तो म्हणाला, "तुझी गाय हाय. तू बोल."

दक्षा अंगणात बांधलेल्या चिमीच्या डोक्यापाशी उभी होती. तिचे डोळे लाल होते. "मला काय कळते, आजा? तिचा पाय वाचला पाहिजे. तू म्हणशील तसं." थोडं थांबून म्हणाली, "पण डोळा झाक तिचा. तिला माहीत नाय ना."

तुक्यानं खैराचे निखारे पेटवले. जिव्यानं आढ्यात खोचलेली डागणी काढली. निखाऱ्यात तिचं टोक आधी काळं, मग तपकिरी, मग लाल होत गेलं. धूर गोठ्यात शिरला आणि आतली चारही गुरं उठली. मोऱ्या दाव्याला हिसके देत होता. उभ्या उभ्या त्याचं मूत गळायला लागलं. इतकी वर्षं डाग देताना जिव्याची पाठ गोठ्याकडे असायची. आज तो तोंड करून बसला होता.

चार माणसं दोर घेऊन पुढं झाली, गाय पाडायला. दक्षा म्हणाली, "दोर नको," आणि चिमीच्या मानेवर हात ठेवून बोलली, "बेस, बेटा. बेस." चिमी दुखरा पाय सांभाळत, इकडून तिकडे हेलकावत खाली बसली. माणसं दोर हातात घेऊन तशीच उभी राहिली. जनावर स्वतःहून बसलं तर दोराचं काय करायचं, हे कोणाला माहीत नव्हतं.

डागणी पळसाच्या फुलाच्या रंगाची झाली होती. जिव्या ती घेऊन आला. डाव्या हातानं डोळा झाकायला वाकला.

चिमीनं त्याला ओळखलं. रोजची वेळ झाली होती. तिनं मान लांब केली आणि त्याचा हात चाटण्यासाठी जीभ बाहेर काढली. ज्या हातात डागणी होती, त्या हाताकडे.

जिव्यानं हात एकदम पाठीमागे नेला. चोरी पकडलेल्या पोरानं लपवावा तसा. तापलेलं लोखंड त्याच्या पोटरीला निसटतं लागलं, पण तो ओरडला नाही. तसाच चार पावलं मागं गेला आणि डागणी गुरांच्या पाण्याच्या डोणीत बुडवली. चर्र झालं, वाफ वर आली.

"काय रं?" तुक्या म्हणाला. "थंड कशाला केली?"

"माझा धीर होत नाय," जिव्या म्हणाला. एवढंच. ज्या माणसानं कधी 'मला येत नाही' म्हटलं नव्हतं, त्यानं सगळ्या पाड्यासमोर हे म्हटलं.

"मग पाय?"

जिव्या चिमीच्या पुढ्यात बसला. काय करायचं ते त्यालाही माहीत नव्हतं. डागल्याशिवाय लंगड्या जनावराचं काय करतात, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून त्यानं नुसता पाय हातात घेतला. चिमीनं घेऊ दिला. त्यानं गुडघा वाकवला, खूर आपल्या मांडीवर ठेवला आणि टॉवेलनं चिखल पुसला. दोन नख्यांच्या मधल्या फटीत बोट घातलं. चिमीचं सगळं अंग शहारलं, पण तिनं पाय ओढला नाही. उलट डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

"दिवा दाखव," तो म्हणाला. मिथुननं मोबाईलचा दिवा धरला.

आत काहीतरी चमकलं. रस्त्याच्या कामावर सळया बांधायला वापरतात ती तार. तिचा करंगळीएवढा तुकडा फटीत आडवा शिरून मांसात गेला होता. जिव्यानं तो नखानं हलवला, दातानं धरला आणि ओढला. मागोमाग पू आला, भळाभळा, घाण वासाचा. चिमीनं एक लांब श्वास सोडला. अंगणातल्या प्रत्येकानं तो ऐकला.

दक्षा रडायला लागली. भिकीनं कडुलिंबाचं पाणी उकळत ठेवलं. जिव्या तार तळहातावर घेऊन बसला होता.

"मग गेल्या साली माझा बैल सर्जा लंगडत होता, तेव्हा तू..." तुक्या म्हणाला.

पण जिव्याला सर्जा आठवत नव्हता. त्याला ढवळ्या आठवत होता. त्याचा पहिला बैल, तरणा होता तेव्हाचा. ढवळ्या पुढच्या पायानं लंगडायला लागला. त्यानं डाग दिला. लंगडणं वाढलं. पुन्हा दिला. एकाच पावसाळ्यात तीनदा दिला. श्रावणात ढवळ्या मेला, आणि जिव्यानं लोकांना सांगितलं की रोग डागापेक्षा मोठा होता. खूर उचलून बघायचं त्याच्या मनात आलं होतं एकदा. पण ढवळ्या त्याला जवळ येऊ देत नव्हता, लाथा झाडायचा. घाबरलेलं जनावर दुखणं दाखवत नाही. मग जिथं दिसत नाही तिथं हात घालायचं सोडून, जिथं दिसतं तिथं माणूस जाळतो.

"किती असतील?" त्यानं भिकीला विचारलं. सगळे गेल्यावर.

भिकी त्याच्या पोटरीला हळद लावत होती. "काय किती?"

"ज्यांच्या पायात काटा होता, आणि मी खांदा जाळला."

भिकीनं त्याच्या भाजल्या जागेवर फुंकर घातली. "ते कोण सांगणार? आता चरचरते का?"

"चरचरते."

"मग आता तुला कळलं," ती म्हणाली. बोलणं कडू होतं, पण फुंकर घालायची ती थांबली नाही.

डॉक्टर ठरल्या दिवशी आले, इंजेक्शन देऊन गेले, आणि म्हणाले की तार वेळेत निघाली. आठ दिवसांत चिमी चारही पाय टेकवून चालायला लागली.

जिव्या डागणी घेऊन उधव्याच्या बाजारात लोहाराकडे गेला. याची पुन्हा विळी करून दे म्हणाला. लोहारानं लोखंड ऐरणीवर वाजवून बघितलं आणि परत दिलं. "इतकी वर्षं तापवलंस, बाबा. जीव नाय राहिला यात. धार धरायची नाय." जिव्या ती परत घेऊन आला. भिकीनं ती कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला आडणा म्हणून लावली. अजून तिथंच आहे.

लोक बोलावणं पाठवत राहिले. सवय सुटत नाही. जिव्या जायचा. पण आता कुंपणाच्या आत जायचा नाही. बाहेरच, वाऱ्यानं आपला वास आत जाणार नाही अशा बाजूला उभा राहायचा आणि सांगायचा, "मी इथंच थांबतो. मी आत आलो तर तो पाय देणार नाय. तू त्याचा धनी, तू जा. आधी अंगावरनं हात फिरव. घाई करू नको. आता खूर उचल. फटीत बघ. काय दिसते?"

कधी काटा दिसायचा, कधी खडा, कधी काहीच नाही. काहीच नसलं की म्हणायचा, "मग मला माहीत नाय. डॉक्टरला बोलाव." काही जण चिडायचे. "डाग द्यायचा नसेल तर आलास कशाला? कुंपणाबाहेरनं कोणी औषध देते का?" दोन-तीन घरं सीमेपलीकडच्या डाग देणाऱ्याकडे जायला लागली. एकानं तर बाजारात तोंडावर सांगितलं, "म्हातारा झाला, हात कापतो, म्हणून सोंग करतो." जिव्यानं ऐकून घेतलं. शेरभर नागली यायची ती बंद झाली. लोक अंगणात पहिला पाट त्याला द्यायचे, तेही कमी झालं. तो बाहेर उभा, पाट कुठं मांडणार?

पण त्याचं खरं काम घरातच बाकी होतं.

दिवाळी जवळ आली. भात कापून झालं. मोऱ्याला आता नांगराला लावत नव्हते. त्याचे दात गेले होते, भिकी त्याला पेज पाजायची. वाघबारशीला पाड्यात गुरांना धुतात, शिंगं रंगवतात, अंगावर गेरूचे आणि तांदळाच्या पिठाचे हाताचे ठसे उठवतात. जिव्याच्या घरी ते नेहमी भिकीच करायची. या वर्षी दक्षानं चिमीवर ठसे उठवले, आणि वाटी जिव्यापुढं धरली. "आजा, मोऱ्याला तू लाव."

जिव्यानं तळवा गेरूत बुडवला आणि मोऱ्याकडे गेला. मोऱ्या उभा राहिला. कोरींवरची कातडी थरथरली. जिव्या हात पुढे केलेला तसाच थांबला, मग मागं फिरला, आणि गोठ्याच्या दाराच्या लाकडावर ठसा उठवून आला.

"त्याला नको हाय," तो म्हणाला. "दाराला चालेल."

त्यानंतर तो रोज दुपारी, बाकीची गुरं रानात असताना, गोठ्यात जाऊन बसायला लागला. दाराशीच, त्या ठशाखाली, भिंतीला टेकून. हातात काही नाही. बोलणं नाही, हाक नाही. मोऱ्या उठून उभा, हा बसलेला. म्हाताऱ्या बैलाला फार वेळ उभं राहणं जमत नसे, त्याचे गुडघे लटलटायचे. ते बघून जिव्याच उठून बाहेर यायचा, म्हणजे तो बसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा.

"कशाला त्याला उठबशा काढायला लावतोस?" भिकी म्हणायची. "त्याचं वय, तुझं वय."

"थोडा वेळ जातो."

"तू जवळ नाय गेलास तर तो सुखी. कळते ना तुला?"

"कळते," जिव्या म्हणायचा. "पण मी आल्यावर पण सुखी असला पाहिजे. एकदा तरी. मरायच्या आधी."

"कोणाच्या?"

"दोघांतल्या कोणाच्या पण."

मार्गशीर्ष गेला. डोंगरावर थंडी पडली, सकाळी ओहोळावर धुकं दिसायला लागलं. पाडा या गोष्टीवर थोडा हसला, मग विसरला. तुक्या कधी कधी कुंपणावरून ओरडायचा, "काय जिव्या, आज बैलानं काय सांगितलं?" जिव्या म्हणायचा, "अजून बोलत नाय."

पौषातल्या एका दुपारी, भिकीनं भाकर आणि वालाची भाजी वाढली आणि हाक मारली. जिव्या आला नाही. तिनं दुसरी हाक मारली. दक्षानं मारली. मग भिकी पदर खोचून, तोंडातल्या तोंडात बडबडत गोठ्याकडे गेली.

"बहिरा झालास का? भाकर गार..."

जिव्या भिंतीला टेकून बसला होता, एक पाय मुडपलेला, एक लांब. त्यानं फक्त एक बोट वर केलं.

समोर, दोन हातांवर, मोऱ्या खाली बसला होता. पुढचे गुडघे मुडपून, अंग एका बाजूला टाकून, खाली वळलेलं शिंग जमिनीला जवळजवळ टेकवून. जबडा हळूहळू फिरत होता. दात नसलेल्या तोंडानं तो रवंथ करत होता. खांद्यावरच्या चारही कोरी कुडाच्या फटीतून आलेल्या उन्हात दिसत होत्या, आणि त्यांवरची कातडी स्वस्थ होती.

"कधीचा?" भिकीनं विचारलं. तिचा आवाज आपोआप खाली आला होता.

"तू कांदा चिरत होतीस तेव्हाचा."

"मग उठ आता. जेव."

"पाय मेलाय माझा. मुंग्या आल्यात."

"सरळ कर."

"नको," जिव्या कुजबुजला. "तो उठेल."

भिकीनं दोघांकडे बघितलं. मग ती परत गेली, भाकरीवर भाजी घातली, आणि पायांतले वाळे पोटऱ्यांवर चढवून, आवाज न करता, गोठ्यात घेऊन आली.